काकड्यांवरची काच

बसा. वही मागाहून काढा, आधी काकडी खा.
मध लावून. आमच्याकडे अशीच खातात.
आणि ते पांढरे हातमोजे उतरवा, चिकट होतील.

तर तुम्हाला ती बाई हवी आहे.
धक्क्यावरची, हात उंचावलेली,
मागे बोट सुटलेली.
पोस्टाच्या तिकिटावर होती, तेव्हा तिचं नाव ‘निरोप’.
मग झेंडा बदलला, शाळेच्या पुस्तकात
ती कामगारांना हाक मारू लागली.
झेंडा पुन्हा बदलला,
आणि ती नेलेल्या माणसांसाठी रडू लागली.
हात तोच. बिचारीला खाली घे म्हणून
कुणी सांगितलंच नाही.

एवाल्ड तुइस्कने त्या दिवशी दोन काचा टिपल्या.
एक तुमच्याकडे आहे, मखमलीत.
दुसरी आमच्याकडे होती.
लढाईने पार्नूच्या निम्म्या खिडक्या खाल्लेल्या,
काच मिळेना. तुइस्कच्या विधवेने, हेल्मीने,
चाळीस निगेटिव्ह आईला दिल्या
एका पोत्याभर बटाट्यांना.
लग्नं, बाप्तिस्मे, बंबवाल्यांचा बँड,
सगळी मंडळी काचघराच्या छपरावर चढली.
खाली काकड्या.

मी सहा वर्षांची. उताणी पडून बघायचे.
नवऱ्या काळ्या पोशाखात, पाद्री पांढराफटक,
दात काळे, बुबुळं खडूची.
मला वाटे, मेल्यावर माणसाची आतली बाजू दिसते,
स्वेटर उलटा केल्यावर गाठी दिसतात तशी.

दारापासून तिसरी काच तुमच्या बाईची.
पहिल्या फोटोनंतर दोन मिनिटं, फार तर.
हात तसाच वर. पण तोंड उघडं,
आणि ते रडणं नव्हे, चक्क शिवी.
बोटीच्या कठड्याशी खलाशाच्या मिठीत
काळं काहीतरी, चार पायांचं.
मी म्हणायचे कुत्रा.
आई म्हणाली, उलटं वाच.
पांढरी शेळी!
बाईची शेळी बोटीवर चढली होती.
हसा, हसा. आख्खा देश
शंभर वर्षं एका शेळीपायी डोळे पुसतोय.

पण थांबा.
बाईच्या पायाशी एक सावली होती, टोपीवाली.
तुमच्या फोटोत ती नाही, घरी जाऊन बघा.
तुइस्कचीही नव्हे. त्याच्या कॅमेऱ्याला तीन पाय, हिला दोन.
कोण गं हा, विचारलं की
आईला झारी आठवायची.
चाळीस काचांमधली ती एकच
एप्रनच्या टोकाने पुसायची.
शेळी आम्ही कधी पाळली नाही.
शेजारची ओरडली, तर आई खिडकी लावून घेई.
ती बाई म्हणजे आईच, असं मी म्हणत नाहीये.
लिहू नका तसं.

एकोणपन्नासचा मार्च. रात्री ट्रक फिरायचे.
आईने किटली उकळली, सुरी घेतली,
तिसरी काच काढून मांडीवर ठेवली.
आधी बोट गेली. मग शेळी. मग हात,
तो मात्र सहज निघेना.
परातीत काळी साय तरंगत होती.
मी पांघरुणाच्या फटीतून बघत होते.
सुरी सावलीपाशी आली आणि थांबली.
तिथे खरवडायला काही नव्हतंच.
तुम्हाला ठाऊक असेल, शिकलेले आहात,
निगेटिव्हमध्ये सावली म्हणजे नुसती काच,
उजेड पोचला नाही ती कोरी जागा.
भोवतीचं सगळं गेलं,
आणि तो कुठे संपतो ते कळेना.
आता आख्खी काच त्याचीच.

ती काय, दाराजवळ. हो, तीच, आरपार दिसणारी.
न्यायची तर न्या. मखमलीत ठेवा,
खाली काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा.
पण आधी माप घ्या.
तेवढीच दुसरी आणा, लांबीसुद्धा आणा,
आणि बसवून मगच जा.
पहाटे अजून दहिवर गोठतं.
काकड्यांना गारठा सोसत नाही.