शेड आणि शॅडो

पेडण्याच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर माझा क्लास.
गिरणी चालू असली की शब्दही पांढरे होऊन येतात.
गुणाजी बोटीवर जायचा होता, लाँड्रीत.
पणजीत इंटरव्ह्यू, सोमवारी, दहाला.

शेड आणि शॅडो, त्यानं विचारलं,
दोन्ही सावलीच ना?
म्हटलं, फणसाखाली बसतोस ती शेड.
उठून चालायला लागलास
की मागून येते ती शॅडो.
एकीत शिरता येतं.
दुसरीतून निघता येत नाही.
त्यानं वहीत फणस काढला, शेजारी स्वतःला,
काडीचे हात, काडीचे पाय.

आणि अलोन, लोनली?
केबिनमध्ये एकच बंक असेल तर अलोन, म्हटलं,
चार असतील तर
तेवढ्यात लाइट गेली, गिरणी थांबली.
अंधारात तो म्हणाला, कळलं.

इंटरव्ह्यूत एवढंच विचारलं त्याला:
तासाला शर्ट किती?

परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला,
मागे इंजिन, थेट गिरणीसारखं.
सर, दुपारी डेकवर गेलतो. शेड कुठंच नाही.
शॅडो आलीय पण. पायाखाली, एवढीशी.

माझी डिक्शनरी त्याच्याकडेच राहिली,
खाकी कव्हरची, आत बाबांची सही.
त्याच्या बाजूनं बॉरो, माझ्या बाजूनं लेंड,
मराठीत दोघांत मिळून एकच, उसनं.
आणि उसनं म्हटलं की परत येणं आलंच.

मी अजून मागितलेली नाही.