विसरलेल्या वस्तूंची खिडकी

एका डब्याची गाडी, आणि तिच्यात
मी डबा विसरले.
मराठीत हे वाक्य विनोदी आहे.
इतोइगावाच्या स्टेशनात ते सांगायला
मला अर्धा तास लागला.

खिडकीमागे इकाराशी सान, निवृत्तीला टेकलेले,
कानामागे पेन्सिल.
बाहेर समुद्र बर्फाचा भुगा फेकत होता.

नानि? काय?
डबा, म्हणाले मी. मग हातांनी:
गोल. एकावर एक. तीन. कडी अशी, खट्.
दोन्ना? कसला?
त्यांनी फॉर्मच्या कडेला काढून दाखवला
तीन मजल्यांचा बुद्धाचा मनोरा.
रांगेत मागे, बेसबॉलचा एकच हातमोजा हरवलेला पोरगा
फिस्सकन हसला,
आणि पुढे वाकून मनोऱ्याला कडी काढून दिली.

दोको? इत्सु? दारे नो?
कुठे. कधी. कोणाचा.
तिसऱ्यापाशी मी अडले.
झाकणावर ठोकून घातलेलं नाव आहे: सौ. मंदाकिनी,
आणि कुणाच्या तरी मुंजीची तारीख.
वाताशी नो, म्हटलं. माझा.

आमच्याकडे सगळे प्रश्न क च्या पोटचे,
काय कोण कुठे किती कधी कसा.
इथे दोन-तीन घराणी, मला अजून नाती लागत नाहीत.
पण वाक्याच्या शेपटाला बसलेला का
मी पहिल्या दिवशीच ओळखला.
नाकुशिमाशिता का? हरवला का?
तोच. चपला काढून उंबऱ्यात थांबलेला.
इथे तो एकटा सापडला तर त्याचा अर्थ होतो डास.
आमच्याकडे एकटा पुढे आला
की अख्खं घर गप्प.

फॉर्मवर नाझेला रकाना नव्हता.
का विसरलीस, हे सबंध स्टेशनात
कोणी विचारणार नव्हतं.
सिमेंटच्या कारखान्यातही चौदा महिन्यांत
कोणी विचारलं नाही, का आलीस.
धाकटी बहीण मात्र दर रविवारी फोनवर
तेवढंच विचारते.

सही झाली. पेन्सिल कानामागे गेली.
खिडकी अर्धी खाली ओढता ओढता
इकाराशी सान हळूच म्हणाले, फॉर्मबाहेरचं:
दोऊशिते… इतोइगावा?

उत्तर होतं माझ्याजवळ, तीन कलमी,
व्हिसाच्या खिडकीसाठी घोकलेलं.
पण त्यांच्या डोक्यावर पाटी होती, वासुरेमोनो.
हरवलेल्या वस्तू नव्हे. विसरलेल्या.

वासुरेमाशिता, म्हणाले मी.
विसरले.
(याच क्रियापदात, इथे, मागे ठेवून येणंही बसतं.)

पोरगा पुन्हा हसला. ते नाही हसले.
पेन्सिल परत काढली, मनोऱ्याखाली माझा नंबर लिहिला,
एकेक आकडा मोठ्याने म्हणत.
आणि विचारलं:
सापडला तर रविवारी फोन केला,
चालेल का?