छताला कान

जानेवारी. हॅनकॉक गाव. उणे एकोणीस.
शेजारच्या छपरांवर बर्फ जाड, गप्प.
आमच्याच छपरावर ठिकठिकाणी वितळलेला,
आणि वळचणीला पुरुषभर लांब हिमाचे सुळे.
येणारेजाणारे त्यांचे फोटो काढतात.
आईला कोण अभिमान!
"अगं, ते तुझं तेलाचं बिल लोंबतंय," मी म्हणालो.

माळ्यावर उभं राहता येत नाही.
कपाळाला दिवा, गुडघ्यांखाली फळी,
मास्कच्या आत माझाच श्वास मला गरम.
ग्लासवूलचा गुलाबी थर उचलतो.
जिथे तो काळवंडलाय, तिथेच खाली भोक.
पन्नास हिवाळे घरातली ऊब इथून गाळून गेली,
काजळी तेवढी मागे ठेवून.

उदबत्ती पेटवतो, देवासाठी नाही, फटीसाठी.
धूर सरळ चढतो, चढतो,
आणि एका जागी दचकून वाकतो.

धुराड्याभोवती चार बोटं फट: तिथे पत्रा.
नळाभोवती फेस. वायरींभोवती फेस.
पिचकारीतून निघतो तेव्हा दह्यासारखा मऊ,
मग फुगतो, पिवळा पडतो, कडक होतो,
आमच्या राइमोमामासारखा.

मग ते भोक सापडतं.
गोल, गिरमिटाने पाडलेलं,
बरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर.
गिरमिट बाबांचं. हात माझे, नऊ वर्षांचे.

भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या घरी छताला होता.
इथे पालथा पडून मी ऐकलेत
पत्ते पिसल्याचे आवाज,
वेलदोड्याच्या पावाचा वास (हो, तोही ऐकलाय),
आणि एका रात्री बाबा, हळू:
"बोट विकू या. पोराला इतक्यात नको सांगू."

तीन आठवडे मला काही माहीत नव्हतं.
मग बोट नव्हती,
आणि मला आश्चर्य वाटलं.
चांगलं वठवलं होतं मी.

उदबत्ती भोकाशी नेतो. धूर वाकतो.
अजून ऐकतंय तर.

"थांबलास का रे?" खालून आई, थेट कानात.
तिचं नाव इल्मा.
आजोबांच्या फिनिश भाषेत इल्मा म्हणजे हवा.
"काही नाही. एक राहिलंय."

पिचकारीचं नाक आत. दोन सेकंद पुरतात.
"बरं मग कॉफी टाकू, की आधी तू
जरा"

फेस फुगला.

जरा काय,
ते विचारायला मी शिडी उतरलो.