शंभरातून सात

नेत्रावती मॅडम कन्नडातून सांगतात,
शंभरातून सात घालवा, मग परत सात, परत सात.
घाई नाही.

घाई कशी नाही?
एकोणीस वर्षं मी कंडक्टर, खानापूर लाइनला.
पिरनवाडी यायच्या आत गाडीभर तिकिटं होत माझी,
बायकांची शून्य रुपयांचीसुद्धा.

ताप आठ दिवसांचा. आला तसा गेला.
डॉक्टर म्हणाले, डोक्यात धुकं राहिलंय थोडं.
धुकं मी बघितलंय की, चोर्ल्याच्या घाटात.
त्यात समोरच्या गाडीचा हॉर्न तरी ऐकू येतो.
हे म्हणजे गर्लगुंजीच्या म्हाताऱ्याला
तिकिटामागे चाळीस लिहून दिले,
मच्छ्याला चाळीस परत केले,
आणि देसूरला परत चाळीस.
तोच उठून आला, नोटा माझ्या बॅगेत घातल्या,
म्हणाला, बाई, बरी हाईस न्हवं?
दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली.

त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर.
पुढचा पास...
पाच तोंडात आले, साठ अजून
मागच्या स्टॉपवर.
मराठीत सुटे आधी मोजायचे, नोट मागून येणार,
आणि नोट येईस्तोवर
सुटे कुठं ठेवले तेच आठवत नाही.
मॅडम म्हणाल्या, मग कन्नडात करून बघा.
अरवत्तैदु.
साठ पहिले. पाच त्याच्या मागून, हात धरून.
ऐवत्तेंटु. ऐवत्तोंदु.
तशीच उतरत गेले, पार दोनपर्यंत.

घरी सांगायला जरा भीत होते.
सासऱ्यांनी मराठी पाटीसाठी लाठी खाल्लेली,
डावा खांदा अजून वर जात नाही.
त्यांनी पेपर खाली केला.
उत्तर बरोबर आलं काय?
आलं.
मग झालं तर, म्हणाले, आणि पेपर वर.

रोज रात्री वीस मिनिटं. पाच चित्रांची कार्डं:
चावी, कंदील, बोकड, शिडी,
पाचवं काल नव्हतं, आज आहे. पेरू.
काही दिवशी बोकडही नसतो.
त्या दिवशी मी भांडी जोरात घासते.

शेवटी थांबे, उलटे.
खानापूर. प्रभूनगर. देसूर.
पुढं...
दिसतंय सगळं. सायकलचं दुकान, भाताची मळणी,
रताळ्यांची टोपली आधी उतरवून
मग स्वतः उतरणारी ती बाई.
पाटी तेवढी कोरी.

प्रज्वलला नाव येतं. ओठ दाबून बसलाय,
कान लाल झालेत पोराचे.
मॅडमनी बजावलंय त्याला,
सांगायचं नाही,
थांबायचं.

दोन घंट्या निघायला, एक थांबायला.
मी एक दिलीय.
गाडी उभी आहे.