वाघर

मिरजेच्या दवाखान्यात छातीला पाच वायरी चिकटवल्या
आणि कमरेला एक डबी बांधली, बेदाण्याच्या पावशेर पुड्याएवढी.
पोरगं म्हणालं, चोवीस तास राहू दे मावशी, आंघोळ नको,
धडधडलं की या वहीत वेळ लिहायची
आणि तेव्हा काय करत होता तेही.

मी लिहिलं.
सव्वाअकरा. एसटी, कवठेमहांकाळ. उभी होते. काही नाही.
दीड. शेडवर, माल निवडत. काही नाही.

द्राक्षं आमच्याकडं उन्हात वाळवत नाहीत.
हिरवा रंग टिकवायचा तर जाळीखाली, नुसत्या वाऱ्यावर.
तिरीप लागली की माल काळवंडतो, दर पडतो.
आरवाडे मॅडमनी मला माझ्याबद्दल हेच सांगितलं
तेव्हा हसू आलं. म्हटलं, मग मी बरोबर जागी कामाला आहे.
शमशाद विचारते, गालाला काय लावतेस गं, सारखी लाली?
आजाराचं नाव जुन्या कुठल्या भाषेतलं आहे, मॅडम म्हणाल्या,
त्याचा अर्थ लांडगा.

लांडगा मला नवा नाही.
जतच्या माळावर आप्पाची दीडशे मेंढरं,
रात्री वाघर लावून आत कोंडलेली,
आणि मी बाहेर घोंगड्यात, कुत्र्याच्या पाठीला पाठ लावून.
कधी कधी वारा नसायचा, आवाज नसायचा,
तरी सगळी एकदम उठून उभी राहायची.
दीडशे काळजं. जमिनीला कान लावला की ऐकू यायची.
आप्पा बॅटरी घेऊन चारी बाजूंनी चक्कर मारायचा,
सकाळी ठसे शोधायचा.
एखाद्या वेळी सापडायचे. बहुतेक वेळा नाहीच.

माझं तसंच होतं.
भाकरी थापत असते, नाहीतर नुसतीच बसलेली,
आणि आत कुणीतरी उठून उभं राहतं.
पळत नाही. पाय आपटतं.
मोजायला नाडीवर बोट ठेवावं तर एक ठोका येतच नाही,
मग तीन एकदम येतात, दारात अडकल्यासारखे.

रात्रीचं पान कोरं राहिलं.
दुसऱ्या दिवशी साडेदहाला पोरानं वायरी ओढून काढल्या,
छातीवर डिंकाचे पाच गोल राहिले,
आणि मिरज स्टँडवर केळी घेताना सुरू झालं.
काय सुरू झालं!
केळीवाल्याला हातानंच म्हटलं, थांब.
त्याला वाटलं भाव करतेय. पाच रुपये कमी केले.

पट्टी चांगली. इको चांगला. थायरॉईडही चांगलं.
मॅडमनी कागद दोनदा उलटून बघितले.
घरी मालक म्हणाले, काही नाही निघालं ना, मग झालं तर.
जाऊबाई म्हणाल्या, मनाचं असतंय.
मी भांडी घासायला घेतली. त्याला आवाज होतो, ते बरं.

आप्पा मेंढरांशी बोलायचा.
होऽ होऽ करायचा, शिव्यासुद्धा द्यायचा आई-बापावरून,
पण ठसे नाही सापडले म्हणून
त्यानं त्यांना कधी सांगितलं नाही
की लांडगा नव्हता.
राख उकरायचा, एक काटकी टाकायचा,
काठी मांडीवर घेऊन वाघरीला लागून बसायचा.
ती बसायची तेव्हा एकेक करून बसायची,
म्हाताऱ्या आधी.

दोन वाजून दहा मिनिटं.
डबी नाही. वही त्यांनी ठेवून घेतली,
म्हणून सौद्याच्या पावतीमागं लिहिते.
भिंतीला टेकून बसलेय. लाईट लावलेली नाही.
उभी आहेत सगळी.
होऽ.