लिहिण्याची हमी

शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाबाहेर, छत्रीखाली,
मी प्रतिज्ञापत्रं टाइप करते.
लॅपटॉप चालू होईतो
पक्षकाराचा चहा पिऊन होतो,
कधी रागही निवतो.
एकदा तर फाइल उघडायच्या आत
नवराबायको एकाच रिक्षात बसून निघून गेली.
माझे शंभर रुपये बुडाले.

हल्ली आतून टकटक येते.
दारात कुणी उभं आहे आणि त्याला
घरात माणूस असल्याचं पक्कं ठाऊक आहे, तशी.

तपकीर गल्लीत जिन्याखालच्या टेबलावर
मुदस्सर बागवान डोळ्याला भिंग लावून बसतो.
"हार्ड डिस्क गेलीच समजा. एसएसडी टाका."
मी ऐकून आलेली, ऐटीत म्हटलं,
ती सगळ्यात वेगवान असते ना,
च्युइंगगमच्या पट्टीएवढी, तीच द्या.
त्यानं अकरा स्क्रू काढून चुंबकाला चिकटवले,
पालथा लॅपटॉप माझ्याकडे वळवला.
"ताई, ह्याला ती खाचच नाही.
वेग विकत मिळेल. बसवणार कुठे?"

मग उरली साधी, चपटी,
पत्त्यांच्या कॅटाहून पातळ.
दोनशे छप्पन, पाचशे बारा, की एक टीबी?
"कामाचं किती आहे तुमचं?"
वीस वर्षांचं, म्हटलं. त्यानं मोजलं.
हरवलेली रेशनकार्डं, वारसदार,
जन्मतारखेतल्या चुका, परस्पर संमतीनं मोडलेले संसार,
सगळं मिळून अकरा जीबी.
बाकी भाच्याच्या लग्नाचं शूटिंग.

खोक्यावर बारीक अक्षरात असतं
हिच्यावर किती लिहिता येईल ते. तीनशे टेराबाइट.
म्हणजे ही लिहून झिजते.
"आणि वाचून?"
"वाचून काही होत नाही. वाचा कितीही."
मी हसले. त्याला वाटलं, किंमत पटली.
कॅल्क्युलेटर पुढे केला,
रोज वीस जीबी लिहिलं तरी चाळीस वर्षं.
त्याआधी बिजागरी जाईल, बॅटरी तर जाईलच.
मला एक्कावन्नावं चालू आहे.
तो पुढचं काही बोलला नाही, सभ्य मुलगा.

पाचशे बाराची घेतली,
चारशे जास्त देऊन पाच वर्षांच्या गॅरंटीची.
बिलावर नाव काय टाकू, विचारलं.
नुसतं कुंदा सांगितलं.

"जसंच्या तसं उतरवू,
की कोरी ठेवून लागेल तेवढंच आणू?"
गल्लीत एक टेम्पो अडकला, सुटला, गेला,
तोवर मी उत्तर दिलं नाही.
जसंच्या तसं, म्हटलं.

टकटक थांबली आहे.
'न्यू फोल्डर तीन'मध्ये दोन हजार अकराची एक फाइल आहे.
मी, कुंदा विलास पायगुडे,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
यापुढे मी कुंदा केशव शेडगे या नावाने
अशी ती सुरू होते.
तिचा स्टॅम्पपेपर कधी घेतलाच नाही.
वर्षातून एकदा उघडायचे.
ते गोल फिरत राहायचं, फिरत राहायचं,
तेवढ्यात मी पदर नीट करायचे,
कोण बघतंय ते बघायचे,
आणि पुष्कळदा उघडायच्या आधीच बंद करायचे.

आज बोट टेकलं
आणि ती समोर.
सगळीच्या सगळी, तारखेची जागा रिकामी.

पुढच्या पक्षकारानं खुर्ची ओढली.
"मॅडम, वेळ लागेल का?"
नाही, म्हटलं.
आता नाही लागत.