धरा, सोडा

पत्र आलं तेव्हा शैलजानं ते फ्रिजवर चिकटवलं.
चार तास काही खायचं नाही, पाणी चालेल.
डावीकडे वेल्श, उजवीकडे इंग्रजी.
मी वेल्श बाजूच जास्त वेळ पाहत राहिलो,
कळत नव्हती म्हणून.

रेक्सम. नोव्हेंबर. सकाळचे साडेआठ, रस्त्यावरचे दिवे अजून चालू.
शेजारचा एमरिस सोडायला आला.
वाटभर बोलला नाही, हीटर तेवढा वाढवला.

मशीन पाहिलं आणि, खरं सांगतो,
भीतीच्या आधी कुतूहल आलं.
जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस मी,
आधी कोल्हापुरात उद्यमनगरला, मग इथे.
केवढं हे कडं!
आतल्या आत फिरत असणार,
आणि फिरतं म्हणजे बेअरिंग आलंच.
ग्रीस कोण भरतं, मी विचारलं, कितव्या महिन्याला?
नेरिस हसली. हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणाली,
लोक विचारतात, दुखेल का.

दुखत नाही. सुई तेवढी.
तीही दोनदा, पहिल्यांदा शीर निसटली
आणि सॉरी म्हणताना तीच जास्त कळवळली.
त्याआधी प्रश्न: मूत्रपिंड ठीक? साखरेची गोळी? कशाची ॲलर्जी?
मागून बांधायचा झगा, ज्याची गाठ कधीच नीट बसत नाही.
पट्टा, घड्याळ, किल्ल्या टोपलीत.
अंगठ्यात पोलादाचा एक कण आहे, चौऱ्याऐंशी सालचा,
कातडीखाली निळा. तो काही निघायचा नाही, म्हटलं.
राहू द्या, ती म्हणाली, चुंबकाचं मशीन वेगळं,
तिथे मात्र आठवणीनं सांगा.
म्हणजे आणखी एक मशीन आहे तर.

टेबलावर उताणा, दोन्ही हात डोक्यावर.
श्वास कधी रोखायचा ते मशीन बोलून सांगतं,
भाषांची यादीच होती. तुमची कुठली?
सांगितली. तिनं वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं.
नव्हती.
मग शिकवा मला, दोनच तर शब्द.

धरा. सोडा.
ढरा, ती म्हणाली. आणि सोडा? बाटलीतला?
बाटलीतलाच, म्हटलं, फसफसत बाहेर येतो तो.

ती काचेपलीकडे गेली.
रंग आत सोडला तेव्हा घशात आधी पितळ आलं,
मग छातीतून एक ऊब उतरत गेली खाली,
आणि तिथे जाऊन अशी थांबली
की वाटलं, गेली अब्रू, भिजलो.
तिनं आधीच सांगून ठेवलं होतं: सगळ्यांना वाटतं.
मागून येणाऱ्या कुणाला मीही सांगेन,
वाटेल तसं, झालेलं नसतं.

कडं फिरू लागलं. कान दिला.
गोल, सलग, कुठेच खरखर नाही.
उत्तम बेअरिंग.

ढरा.

धरला.
चकमधल्या जॉबसारखा मी मधोमध,
फक्त इथे जॉब गप्प आणि हत्यार फिरतं,
आमच्या नेमकं उलट.
पातळ पातळ काप काढतं माणसाचे
आणि खाली कीस पडत नाही.
पोरसवदा होतो, टूल घाईनं लावायचो,
तेव्हा धोंडीराम मिस्त्री मागून ओरडायचे,
दम धर रं, दम धर.
तो शब्द द्यायला हवा होता तिला.
आता उशीर झाला होता, श्वास तर धरलेला.

सोडा.

एवढंच. दहा मिनिटंही नाहीत.
सुई तशीच ठेवून पाव तास खुर्चीत बसवलं,
भरपूर पाणी प्या म्हणाली.
तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला मी,
गेजवरचा काटा वाचतात तसा.
काटा हलला नाही.
दोन आठवडे, म्हणाली, तुमचे डॉक्टर कळवतील.

घरी शैलजानं पाण्याचा तांब्या पुढे केला,
पत्र फ्रिजवर तसंच.
काय म्हणाली, तिनं विचारलं.
पाणी पिऊन झाल्यावर
म्हटलं, ढरा म्हणाली.